यादी मशीननं केली, पण रजिस्टर कुणी लिहिलं?

प्रिय काकू,
मी २६ वर्षांची आहे. बी.कॉम. झाल्यावर इथल्याच एका युनिफॉर्मच्या कारखान्यात ऑफिसला लागले. शाळेचे शर्ट, फ्रॉक, पँटी आम्ही करतो. कटिंग कारखान्यात होतं, शिलाई घरोघरच्या बायका करतात. गठ्ठे टेम्पोनं त्यांच्याकडे जातात, शिवून परत येतात, पीसवर पैसे. यंदा मालकांच्या पुतण्यानं चार वर्षांची रजिस्टरं एआयमध्ये टाकली आणि कुणाला आधी काम द्यायचं याची यादी काढली. वरच्या साठ जणींना सीझनचं काम, बाकीच्यांना उरलं तर. कुंभारीच्या घरकुलांतल्या जवळजवळ सगळ्या बायका तळाला गेल्या. त्यात माझी आईही आहे. मी बोलले तर तो म्हणाला, "एआय म्हणजे नुसतं साधन. सुरीसारखं. सुरीला जात नसते, गल्ली नसते. मशीन कुणाची बाजू घेत नाही." त्यानं एआयलाच विचारून त्याचं उत्तरही दाखवलं, 'मी एक तटस्थ साधन आहे' असं. मला काही बोलता आलं नाही. पण आमच्या घरकुलातल्या बायका कामचुकार नाहीत, काकू. माझं चुकतंय का? मालकांशी बोलू की गप्प बसू?
— नाव छापू नका, सोलापूर

प्रिय मुली,

तुझं चुकत नाही. आणि गप्प बसू नकोस. पण मालकांसमोर जाण्याआधी थोडी तयारी कर. ती कशी करायची ते सांगते.

पत्र वाचल्यावर मी तुला एकच प्रश्न विचारला होता, रजिस्टरात रकाने कोणकोणते आहेत? तू त्या पानाचा फोटो पाठवलास, बरं झालं. रकाने सहा. नाव, पत्ता, पीस, कटिंगची तारीख, माल परत आल्याची तारीख, आल्टर किती, म्हणजे दुरुस्तीला गेलेले पीस. गठ्ठा बाईच्या हातात कधी पडला, ती तारीख कुठंच नाही. आणि फोटोखाली तूच लिहिलंयस की टेम्पो आधी नीलमनगरला जातो, मग बाकीचं गाव करत करत कुंभारीला शेवटी, कधी कधी तिसऱ्या दिवशी.

आता एक गठ्ठा डोळ्यांसमोर आण. १० एप्रिलला कापलेला. नीलमनगरच्या बाईला तो त्याच दिवशी मिळाला, तुझ्या आईला १३ तारखेला. दोघींनीही चार-चार दिवसांत शिवून दिला. रजिस्टरात एकीच्या नावावर चार दिवस लागले, दुसरीच्या नावावर सात. ते वरचे तीन दिवस तुझ्या आईचे नाहीत, टेम्पोचे आहेत. असं चार वर्षं, दर सीझनला, दर गठ्ठ्यामागं होत आलं.

पुतण्याच्या एआयला टेम्पो दिसलाच नाही. कसा दिसणार? त्याच्यापुढं आले ते आकडे आणि पत्ते. त्यातून त्यानं एक गोष्ट अगदी नेमकी हेरली, की या पत्त्यांवरचा माल उशिरा येतो. हिशेबात चूक नाही. पण 'माल उशिरा येतो' याचं 'बाई उशीर करते' हे कधी झालं, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. पुतण्यानं मशीनला विचारलं की चांगली कारागीर कोण, आणि चांगली म्हणजे लवकर माल देणारी हेही त्यानंच ठरवलं. जिची शिलाई धुतल्यावर उसवत नाही, जिचं काज सरळ असतं, जी दिवाळीच्या आठवड्यातही नाही म्हणत नाही, ती चांगली, असंही ठरवता आलं असतं. तसं ठरवलं असतं तर यादी वेगळी आली असती. मशीन तेच, रजिस्टर तेच.

सुरीच्या उपमेतलं एक मला मान्य आहे. मशीनला राग-लोभ नाही. कुणी शिरा-पुरी खाऊ घातली म्हणून ते कुणाला वर चढवत नाही, आणि गठ्ठे वाटणाऱ्या माणसाकडून हे होतं हे तुलाही माहीत आहे. तेव्हा पुतण्या खोटं बोलतोय असं समजू नकोस. त्याला मनापासून वाटत असेल की आता वशिलेबाजी संपली. पण सुरीत आधी कुणी काय चिरलं याची आठवण नसते. त्याच्या एआयमध्ये त्या आठवणीशिवाय दुसरं काहीच नाही. चार वर्षांत तुमच्या कारखान्यात जे जसं झालं, तेच पुढं कसं चालू ठेवायचं ते ते सांगतंय.

आपल्या गावाला सुरीपेक्षा जवळची उपमा चादरीच्या मागाची आहे. तू जॅकार्ड पाहिलं असशील. मागाच्या वर भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांची माळ फिरत असते. भोक आलं की ताण्याचा, म्हणजे उभा धागा उचलला जातो, भोक नसलं की खालीच राहतो, आणि तसतसा खाली मोर नाहीतर कमळ उठत जातं. फ्रान्समधल्या ल्योन गावच्या जोसेफ मारी जाकारनं १८०४ च्या सुमाराला हे यंत्र पुढं आणलं. पुढं १८३० च्या दशकात इंग्लंडमध्ये चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणनयंत्रासाठी ही कार्डांचीच कल्पना उचलली. म्हणजे आजच्या कॉम्प्युटरच्या घराण्यात एक पूर्वज विणकरांकडचा आहे, आणि मला सोलापूरची म्हणून याचा अभिमान वाटतो. मागाला मोर कळत नाही, कमळ कळत नाही. पण चादरीवर वाकडा मोर उठला तर 'माग तटस्थ आहे' म्हणून कुणी तो मोर सरळ मानत नाही. कार्डं कुणी पाडली, असं विचारतो. तुमच्या यादीची कार्डं रजिस्टर लिहिणाऱ्यानं पाडली. त्याच्याही मनात वाईट नव्हतं. पानावर सहा रकाने छापलेले होते, त्यानं सहा भरले.

हे फक्त तुमच्या कारखान्यात झालंय असं वाटून घेऊ नकोस. अमेरिकेतल्या दवाखान्यांत एक प्रोग्रॅम वापरात होता. कोणत्या रुग्णाला जास्तीच्या देखभालीची गरज आहे, हे तो सांगायचा. वंश हा रकाना त्यात नव्हताच. आजार मोजायला त्यानं माप घेतलं होतं ते उपचारावर झालेल्या खर्चाचं. पण काळ्या लोकांवर, तितकेच आजारी असताना, कमी खर्च होत आला होता. कारणं जुनी, पैशाची, पोचण्याची, डॉक्टरवरच्या विश्वासाची. मशीननं कमी खर्च पाहिला आणि तब्येत बरी असं समजलं. २०१९ साली संशोधकांनी हे उघड केलं. त्यांच्या हिशेबानं, हा दोष काढला तर जास्तीची मदत मिळणाऱ्यांत काळ्या रुग्णांचं प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर गेलं असतं. तिथं खर्च, तुमच्याकडं तारीख. मोजायचं होतं एक, मोजलं गेलं दुसरंच, कारण ते आयतं लिहिलेलं सापडलं.

आणि इतकं लांब तरी कशाला जायचं. तुमच्याकडच्या कितीजणींची माहेरं तेलंगणात असतील. तिथल्या सरकारनं 'समग्र वेदिका' नावाची यंत्रणा लावली होती. वेगवेगळ्या खात्यांच्या नोंदी जोडून कोण खरा गरीब हे ती ठरवायची. एका रिक्षा चालवणाऱ्या माणसाच्या नावावर कार दाखवली गेली, कारण नाव जुळलं ते दुसऱ्याच कुणाशी. घरातलं रेशन बंद. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की रद्द झालेल्या रेशनकार्डांची घरोघर जाऊन पुन्हा तपासणी करा. माणसानं दारात जाऊन पाहायचं काम आधीच झालं असतं तर त्या घरातली चूल थंड पडली नसती.

मला या सगळ्यात सर्वांत जास्त काय लागतं ते सांगते. माझे वडील इथल्या एका गिरणीत बदली कामगार होते. बदली म्हणजे रोजची हमी नाही. पहाटेचा भोंगा व्हायच्या आत गेटवर जाऊन उभं राहायचं, आत कुणी आलं नसेल तर त्याच्या जागी जॉबर, म्हणजे कामगार नेमणारा मुकादम, बोलावणार. एकदा सलग आठ-नऊ दिवस त्यांना बोलावलंच नाही. जॉबरशी काहीतरी बोलाचाली झाली होती, एवढं घरात कळत होतं. नवव्या दिवशी संध्याकाळी आई माझा हात धरून त्याच्या दारात गेली. ती भांडली नाही. "पोरं हाईत की ओ घरात," एवढंच म्हणाली. मी त्याच्या उंबऱ्याकडे बघत उभी होते, तिथं कुणाच्या तरी लहान चपला होत्या, माझ्याएवढ्याच पायाच्या. दुसऱ्या दिवशी वडिलांना बोलावणं आलं.

त्या जॉबरची मी बाजू घेत नाही. त्यानं केलं तो अन्यायच होता. पण त्या अन्यायाला एक दार होतं, आणि माझी आई त्या दारात जाऊन उभी राहू शकली. तुमच्या यादीतल्या बाईनं कुठं जायचं? ती तुला विचारेल, तू म्हणशील यादी पुतण्यानं काढली. पुतण्या म्हणेल मशीननं काढली. मालक म्हणतील मला त्यातलं कळत नाही. आणि मशीन तर आधीच म्हणून बसलंय की मी तटस्थ आहे. 'नुसतं साधन' हे वाक्य म्हणूनच मला धोक्याचं वाटतं. ठरवलं माणसांनीच, आणि नाव लावायला कुणी उरलं नाही, असं त्यातून होतं.

आता त्यानं दाखवलेल्या उत्तराबद्दल. ते पुरावा नाही. असल्या एआयला आधी इंटरनेटवरचा प्रचंड मजकूर वाचायला दिलेला असतो. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा असलेले ८ कोटींहून जास्त होते, पण त्या मजकुरात मराठीचा वाटा एक टक्काही नसतो. मग पगारी माणसं बसून कोणतं उत्तर चांगलं, कोणतं वाईट हे सांगत जातात. घाणेरडा, हिंसक मजकूर ओळखायला शिकवण्यासाठी केनियातल्या कामगारांना तासाला दोन डॉलरहूनही कमी मिळत होते, ही बातमी जानेवारी २०२३ मध्ये जगभर झाली. मशीननं स्वतःबद्दल काय बोलावं, हेही बनवणारी कंपनी ठरवते. तेव्हा 'मी तटस्थ आहे' हेसुद्धा कुणीतरी घडवलेलं वाक्य आहे. तू स्वतः करून बघ. 'एआय तटस्थ नसतं, हो ना?' असं विचार, बऱ्याचदा ते तुझ्याही बाजूनं मान डोलावेल.

आणि मराठीत तर त्याला कुंपणावर बसताच येत नाही. इंग्रजीत कामगार उशिरा आला की आली, हे न सांगता वाक्य पुरं होतं. आपल्याकडं क्रियापदाला ते ठरवावंच लागतं. मशीन तिथं वाचलेल्यात जे जास्त असेल ते धरतं. डॉक्टर 'म्हणाला', नर्स 'म्हणाली'. यावर इतकी टीका झाली की गूगलनं २०१८ च्या शेवटी आपल्या भाषांतराच्या प्रोग्रॅममध्ये काही भाषांसाठी दोन्ही रूपं दाखवायला सुरुवात केली. चूक दाखवली म्हणून ती दुरुस्त झाली, हेही तेवढंच लक्षात ठेव.

आता तू काय करायचंस.

पहिलं, आणि हे तुला जरा टोचेल. तुझी आई त्या यादीत आहे हे मालकांना आधीच, पहिल्याच वाक्यात सांग. दुसऱ्या कुणी सांगितलं तर तुझं सगळं बोलणं आईच्या कामासाठी होतं असं ठरेल. आणि स्वतःलाही विचार, की कुंभारीतल्या ज्यांचा माल खरंच उशिरा येतो, अशा दोन-चार जणी असतीलच ना? असतील, तर त्यांना झाकू नकोस. सगळ्या बिनचूक आहेत असं म्हणालीस तर तूही पुतण्यासारखंच एका पत्त्यावरून सगळ्यांचं ठरवशील, फक्त उलट्या बाजूनं.

मग टेम्पोवाल्याकडं जा. गठ्ठा उतरवताना तो चलनावर सही घेतो, तारीख टाकतो, असं तूच लिहिलंयस. गेल्या सीझनची चलनबुकं त्याच्याकडं नाहीतर स्टोअरमध्ये पडलेली असतील. कुंभारीच्या वीस आणि नीलमनगरच्या वीस बायका घे. गठ्ठा हातात पडल्यापासून परत येईपर्यंतचे दिवस मोज. दोन रविवार लागतील, पण हे तुला कुणी नाकारू शकणार नाही, कारण ते कारखान्याचेच कागद आहेत.

पुतण्याला बाजूला सारू नकोस, त्याला बरोबर घे. त्याला म्हण, एक करून बघू या. तळातल्या एका बाईची सगळी माहिती तशीच ठेवायची, फक्त पत्ता नीलमनगरचा लिहायचा आणि यादी पुन्हा काढायची. एकदा नाही, चार-पाच वेळा, कारण असलं एआय दर वेळी तेच उत्तर देईल असं नसतं. ती बाई वर चढली तर गल्ली मोजली जातेय हे त्याला स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. मग तो म्हणेल, ठीक आहे, पत्त्याचा रकाना काढून टाकतो. तेवढ्यानं भागणार नाही हे तेव्हाच सांग. पत्ता काढला तरी ते सात दिवस तारखांमध्ये तसेच राहतात, आणि पत्ता त्या दिवसांच्या रूपानं मागच्या दारानं परत येतो. रजिस्टरात 'गठ्ठा हातात दिल्याची तारीख' हा सातवा रकाना यायला हवा. खरी दुरुस्ती ती, आणि तिला फक्त पट्टी आणि पेन लागतं.

बायकांची नावं आणि फोन नंबर त्या प्रोग्रॅममध्ये टाकायचं थांबवायला सांग. गठ्ठ्याच्या हिशेबाला नाव कशाला? क्रमांक पुरतो. आपल्या गावात नुसत्या आडनावावरून घरी तेलुगू बोलतात की कन्नड की उर्दू ते कळतं, मशीनलाही कळू शकतं. शिवाय कुणाची माहिती कुठल्या कंपनीच्या कॉम्प्युटरवर जातेय, हे त्या बायकांना कुणी विचारलेलं नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये आपल्या संसदेनं केलाय, हे मालकांच्या कानावर घालायला हरकत नाही.

मालकांशी बोलताना न्याय-अन्यायापासून सुरू करू नकोस. त्यांना जूनची धास्ती असते, शाळा उघडायच्या आत ऑर्डर पोचली पाहिजे. त्यांना सांग की चांगले हात आपण टेम्पोच्या चुकीपायी घालवतोय, आणि घालवलेल्या बायका दुसऱ्या कारखान्याचे गठ्ठे घेतील, सीझनमध्ये मग परत येणार नाहीत. हे खोटं नाही, आणि त्यांना कळणाऱ्या भाषेतलं आहे. ते म्हणाले की एवढ्याशा यादीचं काय घेऊन बसलीस, तर युरोपचं सांग. १ ऑगस्ट २०२४ ला तिथं एआयचा कायदा अमलात आला. माणसाच्या वागणुकीवरून कामाचं वाटप करणारं एआय त्यात जास्त जोखमीच्या गटात घातलंय, आणि त्यावर माणसाची देखरेख असलीच पाहिजे अशी अट आहे. सुरीसाठी कुणी असा कायदा करत नाही.

त्यांच्याकडं एकच गोष्ट हट्टानं माग. यादी मशीननं काढू दे, पण तिच्याखाली मालकांची सही असू दे, आणि जिचं नाव खाली गेलंय तिला महिन्यातून एक दिवस, ठरलेल्या वेळी, येऊन 'का?' असं विचारता येऊ दे. उत्तर द्यायला खुर्चीत माणूस बसलेला हवा. सुरुवातीला गर्दी होईल, कुरकुर होईल, होऊ दे.

तुझ्या नोकरीची काळजी तू पत्रात लिहिली नाहीस, पण ती ओळींच्या मध्ये मला दिसली. म्हणून सगळ्या ऑफिससमोर बोलू नकोस, दुपारी जेवणानंतर मालक एकटे असतात तेव्हा जा. आवाज चढवू नकोस, चलनं आणि वहीचं पान टेबलावर ठेव आणि त्यांना स्वतः मोजू दे. माणसानं स्वतः मोजलेलं त्याला पटतं. पुतण्याचा अपमान होईल असं त्यांच्यासमोर काही बोलू नकोस. तो पोरगा शिकलेला आहे, उद्या तोच तो सातवा रकाना भरून घेईल.

पुढची वाटणी कधी आहे ते तू लिहिलेलं नाहीस. त्याच्या आधीचे दोन रविवार हातात असतील तर आजच टेम्पोवाल्याला फोन कर, चलनबुकं रद्दीत जायच्या आत. पत्ता बदलून काढलेल्या त्या यादीत काय आलं, ते मला नक्की कळव.

तुझी,
काकू